टेलरबाईंच्या व्हिडिओची किंमत

जगातल्या सगळ्या जुन्या वस्तूंच्या किमती उतरत जातात. टेलरबाईंच्या व्हिडिओची किंमत मात्र चाळीस वर्षं नुसती चढत होती. वस्तू तीच होती, कॅसेट घालून सिनेमा बघायचं जुनं यंत्र, त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली, आतला पट्टा तुटलेली, बटण दाबलं तरी ढिम्म न हलणारी. तिचा भाव वाढायचा तो धाकट्या दिरांच्या तोंडून.

हे धाकटे दीर विमा कंपनीतून निवृत्त झालेले. न झालेल्या नुकसानीचे आकडे सांगून लोकांना घाबरवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि घरच्या माणसांवर तोच हात साफ करून घ्यायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. खरी गोष्ट एवढीच, की टेलरबाईंनी घेतला तेव्हा तो व्हिडिओ त्यांच्या नवऱ्याच्या सात महिन्यांच्या पगाराएवढा पडला होता. दिरांनी पहिल्याच वेळी सातचे बारा केले. मग कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत बाराचे चोवीस झाले. पुढे घराजवळच्या कोपऱ्यावर मोकळी जागा होती तिथे इमारत उभी राहिली, तेव्हा "त्या पैशात हा अख्खा प्लॉट आला असता" असं सुरू झालं. प्लॉट म्हटल्यावर लोक नुसती मान हलवायचे. मग इमारतीखाली दुकानं आली आणि दिरांनी प्लॉट सोडून गाळा धरला, रस्त्याकडेच्या तोंडाचा. गाळा म्हटलं की ऐकणारे मनापासून हळहळायचे, कारण गाळ्याचं दरमहा भाडं येतं.

"हौसेला मोल नाही म्हणतात," असं म्हणून ते खुर्चीत पुढे सरकायचे, "पण आमच्या वहिनींच्या हौसेचं मोल मी तुम्हाला सांगतो."

आणि सांगायचे. टेलरबाई ऐकून घ्यायच्या, थोडंसं हसायच्या, उठून आत जायच्या. लोकांना वाटायचं, बाईंना आपली चूक कळते, म्हणून बिचाऱ्या मूग गिळून बसतात. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण हळूहळू घरच्यांनाही तेच वाटायला लागलं, आणि सगळं बिनसलं ते तिथे.

कारण त्या वर्षी टेलरबाईंच्या नातीला ॲकॉर्डियन घ्यायचं होतं.

नात एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दुकान सुटल्यावर एका जुन्या बँडवाल्याकडे जाऊन ॲकॉर्डियनचा भाता ओढायला शिकायची. बँडवाल्याची बोटं आता आखडली होती. त्याने ते वाद्य विकायला काढलं. पहिला हक्क शिष्येचा म्हणून तिला विचारलं, पण पैसे कमी करायला तयार नव्हता, आणि ते बरोबरही होतं, कारण वाद्य खरोखरच मोलाचं होतं. नातीने तीन वर्षं पगारातून बाजूला टाकलेलं सगळंच्या सगळं त्यात जाणार होतं. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. एका हॉटेलला ते ॲकॉर्डियन भिंतीवर टांगायला हवं होतं, शोभेसाठी. बँडवाल्याने रविवारी संध्याकाळपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं.

घरात ही बातमी फुटली आणि कल्लोळ झाला. नातीचे वडील म्हणजे टेलरबाईंचा मुलगा, वीज कंपनीत हिशेबनीस. त्याच्या मते ते पैसे पुढेमागे पोरीच्या स्वतःच्या घराच्या पहिल्या हप्त्याचे होते. आरडाओरडा करणारा तो नव्हता. त्याने फक्त एकच वाक्य टाकलं आणि तेच अडकलं.

"तुझ्या आजीला विचार," तो म्हणाला. "तिने एकदा असंच केलं होतं. ती जर म्हणाली की मी पस्तावले नाही, तर मी एक शब्द बोलणार नाही. घे तुझा भाता."

त्याला खात्री होती. चाळीस वर्षं आई एका शब्दाने बोलली नव्हती.

शनिवारी दुपारी नात टेलरबाईंच्या खोलीत आली. टेलरबाई एका शाळेच्या स्कर्टची चूण उसवत बसल्या होत्या. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते, पण हात रिकामा बसत नव्हता. नात त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि फोन पुढे केला.

"आजी, हे बघ. त्या वेळच्या वर्तमानपत्रातली जाहिरात सापडली. तुझाच व्हिडिओ आहे ना हा? वरून कॅसेट घालायची तो?"

टेलरबाईंनी चष्मा वर सरकवला. जाहिरातीत एक कुटुंब दात दाखवत सोफ्यावर बसलं होतं आणि मध्ये तो, झाकण उघडून.

"हाच."

"आणि ही किंमत. आजोबांसारख्या लिफ्टच्या मिस्त्रीला तेव्हा किती पगार असायचा तेही मी काढलं. सात महिने होतात, आजी. सात! प्लॉट नाही, गाळा नाही. त्या पैशात त्या गाळ्याचं शटर आलं असतं फार तर. धाकटे आजोबा इतकी वर्षं धडधडीत थापा मारतायत."

"मीठमसाला लावतात. सवय आहे त्यांना."

"उद्या ते येणारच आहेत, बाबांनी मुद्दाम बोलावलंय. ते गाळ्याचं सुरू करतील. तू एवढंच म्हण, की हा आकडा खोटा आहे. मी फोन दाखवते. गप्प बसतील सगळे." मग तिचा आवाज खाली आला. "मी भांडू शकले असते ग. पण सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं की मला पण वाटायला लागतं, बरोबर बोलत असतील. माझ्यात तेवढी धमक नाही. सगळे नाही म्हणाले तर मी सोडून देणार."

"आणि ते हॉटेल टांगणार भिंतीवर?"

"हो. भात्याला खिळे ठोकून."

टेलरबाईंनी फोन तिच्या हातात परत दिला. बघू, एवढंच म्हणाल्या. नात गेली, आणि त्यांच्या हातातली चूण अर्धी उसवलेली तशीच राहिली.

आता यंत्र काही साधंसुधं नव्हतं, हे आजकालच्या लोकांना सांगून पटायचं नाही. उचलायला दोन माणसं लागायची. बटणं अशी, की दाबली की खटका ऐकू येई. रिमोट होता, पण त्याला शेपटासारखी वायर होती, म्हणजे रिमोटला जेवढं लांब जाता यायचं तेवढंच माणसाला. पण हे सगळं नंतरचं. टेलरबाईंनी तो कशासाठी घेतला, ते कुणी कधी विचारलंच नव्हतं. सगळे केवढ्याला घेतला हेच विचारत आले होते.

लग्न झाल्यावर टेलरबाईंना एकच वेड होतं, सिनेमाचं. आणि तेव्हापासून त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. मुलगा लहानपणी महा रडका. थिएटरमध्ये अंधार झाला की जरा वेळ गप्प बसे, पडद्यावर काहीतरी मनासारखं घडायला लागलं की भोकाड पसरे. लोक चुकचुकायला लागत. नवरा लिफ्टचा मिस्त्री, कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली की त्याला जावं लागे, म्हणून बरोबर असला तरी नसल्यासारखा. मग टेलरबाई पोराला खांद्यावर टाकून बाहेर पोर्चमध्ये येरझाऱ्या घालायच्या. आतून पार्श्वसंगीत ऐकू यायचं. दरवान ओळखीचा झाला होता. तो म्हणायचा, "काय बाई, आलात?"

घरीही तीच गत. शेजाऱ्यांकडे टीव्ही आला तेव्हा त्या दाराजवळ बसायच्या, कारण गिऱ्हाईक कधीही हाक मारी. ब्लाउज झाला का, हुक तुटला, मुलाची पँट आखूड झाली. उठून जावं लागे. परत येईपर्यंत पडद्यावर बातम्या लागलेल्या असत. पुढे घरात स्वतःचा टीव्ही आला तरी त्यात फरक पडला नाही. मग त्या शिवणयंत्रावर बसून राहिलेला शेवट मनातल्या मनात जुळवायच्या. पायाखाली पायडल चाले आणि डोक्यात नायिका बरोबर निर्णय घेई.

बाजारात विजेच्या वस्तूंचं एक दुकान होतं. टेलरबाई तिथे इस्त्रीची वायर घ्यायला गेल्या होत्या. काचेच्या कपाटावर तो नवा आलेला व्हिडिओ चालू होता आणि बाजूच्या टीव्हीवर एक बाई रडत होती. एवढ्यात दुकानदाराला फोन आला. त्याने जाता जाता एक बटण दाबलं. रडता रडता बाई थांबली. गालावरचं पाणी अर्ध्यात थांबलं. चित्रातून एक पांढरी रेघ थरथरत होती, बाकी सगळं जागच्या जागी. दुकानदार फोनवर निवांत बोलला, हसला, कुणाला तरी शिवी दिली, फोन ठेवला, येऊन बटण दाबलं. आणि ते पाणी गालावरून खाली उतरलं. काही म्हणजे काही वाया गेलं नव्हतं.

"हे कुणासाठीही थांबतं?" टेलरबाईंनी विचारलं.

"जो बटण दाबेल त्याच्यासाठी," दुकानदार म्हणाला. मग किंमत सांगितली, आणि ती सांगताना आवाज जरा मऊ केला. "मिस्टरांना घेऊन या एकदा."

"मिस्टर कशाला? मशीन मला हवंय."

त्या वेळी त्यांनी कापडाच्या कडा झटपट शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या यंत्रासाठी पैसे साठवले होते. तीन हंगाम शाळांचे गणवेश शिवून जमवलेले. ओव्हरलॉक घेतलं असतं तर काम दुप्पट झालं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. टेलरबाईंनाही कळत होतं. आठवडाभर त्यांनी ते कळून घेतलं आणि मग व्हिडिओ घेतला. नवऱ्याने तो डबा एका बाजूने उचलून बघितला आणि म्हणाला, "वजनाला तरी खरा आहे." तो माणूस मुळातच कमी बोलायचा. त्याने टेबल सरकवून जागा करून दिली.

मग त्या यंत्राचे लाड सुरू झाले. टेलरबाईंनी उरलेल्या गणवेशाच्या निळ्या कापडाचं त्याला आच्छादन शिवलं, समोर बॉक्स प्लीटची चूण घालून, रिमोटसाठी खिसा लावून. शाळेत जायला निघाल्यासारखा दिसायचा तो. त्याच्या पुढ्यात हिरव्या आकड्यांचं घड्याळ होतं. नवऱ्याने ते लावलं आणि कसं कोण जाणे, पाव तास पुढे लागलं. मागे कसं घ्यायचं ते कुणाला उमजेना. माहितीपुस्तिका कुठल्याशा परक्या लिपीत. शेवटी घरात विचारविनिमय झाला. सात महिन्यांच्या पगाराचं यंत्र चुकेल, की दोन दिवसांच्या पगाराचं भिंतीवरचं घड्याळ? साहजिकच भिंतीवरचं. मग घरातली सगळी घड्याळं त्या हिरव्या आकड्यांना जुळवून घेतली. कितीतरी दिवस ते कुटुंब जगाच्या पाव तास पुढे जगलं. नवरा कामावर पोचे तेव्हा फाटकाला कुलूप असे, आणि मुलगा शाळेच्या पायरीवर एकटाच बसून डबा खाऊन मोकळा होई. जग उशिरा येतं, असं ते सगळे खुशाल धरून चालले होते.

कॅसेटींचं म्हणाल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कोऱ्या कॅसेटी दोनच घेतल्या, त्यांच्यावर पुसून पुसून पुन्हा भरायचं. बाकी सिनेमे भाड्याने.

रविवारी दुपारी घर भरायचं. शेजारीपाजारी, पोरंटोरं, आणि धाकटे दीर. ते तेव्हा अविवाहित, वहिनीकडे जेवून सोफ्यावर पसरायचे. आणि सिनेमा ऐन रंगात आला की त्यांना हुक्की यायची.

"वहिनी, चहा टाका की."

पहिल्या रविवारी टेलरबाई उठल्या, आणि उठताना त्यांनी बटण दाबलं. खटका वाजला. नायक हात वर करून तसाच थरथरत उभा राहिला.

"अहो, बंद काय केलंत? चालू ठेवा, आम्ही बघतोय!" दीर ओरडले.

"मी पण बघतेय," टेलरबाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.

यंत्र पाच मिनिटं थांबायचं. त्यापेक्षा जास्त थांबलं तर टेपला इजा होते म्हणून आपणहून सुटायचं. टेलरबाई पाच मिनिटांत चहा करून आणायला शिकल्या, आणि दीर चहा न मागायला शिकले. त्यांना ते फार लागलं. खोलीभर माणसं एका बाईची वाट बघत गप्प बसलीयत, हे दृश्य त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन-चार वर्षांत व्हिडिओंचे भाव कोसळले. दिरांनी तसाच व्हिडिओ पाव किमतीत घेतला, वर बिनवायरचा रिमोट. त्या दिवशी ते पेढे वाटावेत तसे प्रत्येकाला सांगत फिरले, "थोडं थांबल्या असत्या वहिनी तर!" गाळ्याच्या गोष्टीचा उगम हा असा होता.

थांबल्या असत्या तर! टेलरबाईंना तो शब्द तेव्हाही झोंबला होता. थांबणं काय असतं ते थिएटरच्या पोर्चला विचारा. आता थांबायचं ते यंत्राने, मी नाही, एवढ्यासाठी तर त्यांनी ते आणलं होतं. आणि खरं सांगायचं तर पाहायला मिळालेले बहुतेक शेवट फालतूच निघाले. त्यांनी शिवता शिवता जुळवलेले कितीतरी बरे होते. पण ते फालतू आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून म्हणण्यात जी मजा होती ती होती.

रविवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. मुलगा, सूनबाई, नात, टेलरबाई, आणि पाहुण्याच्या खुर्चीत धाकटे दीर, इस्त्रीच्या शर्टात. सूनबाई चहाचे कप मांडत होती. ती या भांडणात कुणाच्याच बाजूने बोलली नव्हती, पण कप जरा जोरात ठेवत होती.

दिरांनी प्रस्तावना केली. वाद्य म्हणजे काय, त्याची देखभाल म्हणजे काय, ओल लागली तर काय, पडलं तर काय, हात दुखायला लागले तर काय. मग म्हणाले, "आणि दोन वर्षांनी कंटाळा आला की? कोण घेणार? बाळ, अंथरूण पाहून पाय पसरावेत. तुझ्या आजीनेही अशीच हौस केली होती. हौसेला मोल नाही म्हणतात, पण—"

"गाळा," सूनबाई कपात चहा ओतता ओतता म्हणाली.

"हसण्यावारी नेऊ नका. आज त्या गाळ्याचं भाडं किती येतं माहितीये? त्या एका डब्यापायी गेला तो. दादा होता साधा माणूस, बोलला नाही. मी असतो तर बोललो असतो."

"तुम्ही बोलतच आहात की," नात म्हणाली.

"पुरे," मुलगा म्हणाला. मग तो आईकडे वळला. त्याच्या आवाजात चिडचिड नव्हती, काळजी होती, आणि त्यामुळे ते जास्तच अवघड होतं. "आई, आता तू सांग तिला. मी तिला शब्द दिलाय, तुझ्या बोलण्यावर सोडलंय. खरं काय ते सांग. पस्तावलीस ना?"

नातीने फोन टेबलावरून हळूच आजीपुढे सरकवला. दात दाखवणारं कुटुंब, मध्ये झाकण उघडलेला व्हिडिओ, खाली किंमत.

टेलरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सोपं होतं. एक वाक्य बोलायचं आणि दीर तोंडावर आपटले असते. चाळीस वर्षांचा गाळा त्या टेबलावर भुईसपाट झाला असता. पण मग पुढे काय? मग सगळे म्हणाले असते, अच्छा, म्हणजे एवढा काही महाग नव्हता, मग ठीक आहे. म्हणजे महाग असता तर चूकच होती! आणि ॲकॉर्डियन तर महाग होतं. ते काही केल्या स्वस्त ठरणार नव्हतं. आकडा खाली आणून त्या स्वतः सुटल्या असत्या आणि पोरीला मागे अडकवून आल्या असत्या. टेलरबाईंना राग आला. दिरांचा नाही, तो कधीच जुना झाला होता. त्यांना स्वतःच्या त्या थोडंसं हसून आत जाण्याचा राग आला.

त्यांनी फोन उलटा करून ठेवला. नातीचा चेहरा उतरला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "एकच गाळा म्हणालात?"

"म्हणजे?"

"कमी सांगताय तुम्ही. खालचे सगळे गाळे आले असते त्यात. वरची इमारतसुद्धा. लिफ्टसकट."

दीर हसले, पण हसू अर्ध्यावर अडखळलं. "वहिनी, चेष्टा करताय."

"चेष्टा तुम्ही केलीत इतकी वर्षं. मी किंमत सांगतेय. अख्खी इमारत एका बाजूला ठेवली असती आणि तो डबा दुसऱ्या बाजूला, तरी मी डबाच उचलला असता. आजही उचलेन. दोन माणसं लागतात उचलायला, तरी."

"आई, अगं, पण कशासाठी?" मुलगा म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणी कशासाठी असं विचारलं होतं.

"शेवट बघायला," टेलरबाई म्हणाल्या. "तुला घेऊन सिनेमाला जायचे. तुला रडू यायचं. शेजारी टीव्ही बघायचे, गिऱ्हाईक यायचं. घरी बसायचे, यांना चहाची हुक्की यायची. लग्नानंतर एकाही सिनेमाचा शेवट मी बघितला नव्हता. तुझी चूक नव्हती रे, तू लहान होतास. पण तुमच्यापैकी कुणी एकदाही म्हणालं नाही, की तिला येऊ दे, मग पुढे बघू. तो डबा म्हणाला. आणि तो थांबला म्हणून मग तुम्ही सगळे थांबलात. त्याचे पैसे दिले मी. जेवढे मागितले तेवढे दिले, आणि पस्तावले नाही. एक दिवस नाही."

सूनबाईने किटली खाली ठेवली, या वेळी अजिबात आवाज न करता.

दीर मात्र विमा कंपनीचे. त्यांनी शर्टाची बाही नीट केली आणि घसा साफ केला. "ते सगळं ठीक आहे, वहिनी. तुमची गोष्ट वेगळी. पण ही पोर उद्या पस्तावली तर?"

"तर तिची ती पस्तावेल. तेवढा हक्क किमतीत येतो. तुम्हीच एक असे, की दुसऱ्याने घेतलेल्या वस्तूपायी चाळीस वर्षं पस्तावताय. आणि फुकट बघितलेत ना सगळे सिनेमे?"

सूनबाईच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं आणि तिने ते लपवलंही नाही. दिरांनी कप उचलला. बोलण्यासारखं त्यांना पुष्कळ होतं, पण ते चहाबरोबर आत गेलं.

"एक शब्द बोलणार नाही म्हणाला होतास," टेलरबाई मुलाला म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला.

"मग बोलू नकोस."

तो बोलला नाही. नात उठून उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. आता अडवायला कुणी नव्हतं.

"आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "पण ते खरंच फार महाग आहे ग."

"आहेच. फार महाग आहे." टेलरबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. "चल, हॉटेलवाला पोचायच्या आत जाऊ."

"आई, तुमचा चहा ओतलाय," सूनबाई म्हणाली, "गार होईल."

"होऊ दे," टेलरबाई म्हणाल्या, आणि चपला घालायला दाराकडे गेल्या.